एक आण्याची राणी

जाफराबादच्या बाजारात वडाखाली बसून गोष्ट सांगावी ती बद्रीनाथनंच. राणीची गोष्ट तर त्यानं स्वतः रचलेली. ती ऐकायला भाजीवाल्या टोपल्या सोडून यायच्या. आज मात्र निम्मी माणसं समोर धर्मराजच्या गोणपाटापाशी जमली होती. हा धर्मराज जालन्याहून पुस्तकं विकायला आल्ता. कागदी पुठ्ठा, वर लाल लुगड्यातली बाई, किंमत एक आणा.

बद्रीनाथच्या अंगाची लाही लाही झाली. पोथी कशी, रेशमी फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवायची. आणि ही माणसं पुस्तक खिशात कोंबून राह्यली होती, एकानं तर खाली घालून त्यावर बूड टेकलं होतं.

"चिवडा बांधायला बरं हाय," तो मोठ्यानं म्हणाला. माणसं हसली, पण उठून इकडं कुणी आलं नाही. ह्यांना आज परत आणलं नाही तर पुढच्या बाजारी वडाखाली कुत्रंही बसणार नाही, हे त्याला कळून चुकलं. तो तरातरा धर्मराजपुढं जाऊन उभा राहिला.

"हे लिव्हणारा बिलकुल गाढव असंल. गाढवाला गोष्ट काय कळती?"

"वाचून तर बघा, महाराज."

मेलेला उंदीर उचलावा तसं बद्रीनाथनं दोन बोटांनी पुस्तक उचललं, मधूनच उघडलं आणि नाक मुरडत सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "राणीनं तलवार उपसली, घोड्याला टाच मारली, गोजरे, पाणी आण."

वडाखालून त्याची बायको गोजरबाई उठली. राणी घोड्यावर बसली की नवऱ्याचा घसा सुकतो, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. तांब्या घेऊन ती बराबर त्याच्यासमोर आली.

आधी कुणाला काही उमगेना. मग एक बाई फिसकन हसली, आणि बघता बघता सगळा बाजार हसायला लागला. बद्रीनाथला गेल्या जत्रेतला टोपीवाला आठवला. पुढं बसून मेला पेन्सिलीनं भराभर लिहीत होता, आणि आपण छाती फुगवून त्याच्यासाठी सावकाश बोलत होतो. आपण मधेच बायकोकडं मागितलेलं पाणीसुद्धा त्या दीडशहाण्यानं गोष्टीत घातलं होतं.

"मंग गोष्ट तुमचीच म्हणायची का?" धर्मराजनं विचारलं.

लिहिणारा गाढव, हे आत्ताच बाजारभर सांगून झालं होतं. बद्रीनाथनं तांब्या तोंडाला लावला आणि पार रिकामा केला.

"न्हाई," तो म्हणाला.

गोजरबाईनं तांब्या परत घेतला. "ते तुमचं तुम्ही बघा. माझं नाव कुठं छापलंय, तेवढं दावा."

त्यानं बोट ठेवलं. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि धर्मराजच्या हातावर एक आणा ठेवला.