बिनमुठीची

धुळ्याच्या गिरधर मास्तरांना आपण सुधारक असल्याचा भारी अभिमान. असणारच म्हणा! गुजराती कापडवाल्याची कमल त्यांनी बायको करून आणली, तेव्हा सगळे भाऊबंद रुसले होते. आता घरात आषाढात मुलींचं गुजराती गौरीव्रत आणि श्रावणात आईच्या कानबाई देवीचा सण, दोन्ही थाटात व्हायचं. मास्तर त्याला 'संगम' म्हणत. संगमातलं रांधणंवाढणं अर्थातच बायकांकडे.

१९५५च्या श्रावणात त्यांची आई ताईबाई नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायला बसली. घरात जितके पुरुष तितक्या मुठी, ही कानबाईची रीत. म्हातारीने मास्तरांच्या नावाची मूठ सुपात टाकली आणि हात झटकले. दोघी मुली दारात उभ्या राहून बघत होत्या. मास्तरांचं डोकंच फिरलं. पोरी काय या घरच्या नाहीत? आईने देवी कोपेल म्हणून पाहिलं, पोरी परक्या घरी जाणार म्हणून पाहिलं. मास्तर हटेनात. मुलींच्या मुठी पडल्या नाहीत तर आपण रोटाला हात लावणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हातारी हिरमुसली, पण तिने दोघींच्या मुठी टाकल्या. धाकटीने टाळ्या पिटल्या आणि मास्तरांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायचीच बाकी.

तेवढ्यात कमलबाईने विचारलं, "अन् मनी मूठ?"

मास्तरांच्या ध्यानातच नव्हतं हो! सुधारणा मुलींपाशी येऊन थांबली होती. घसा खाकरून ते म्हणाले, "तुझी वेगळी कशाला? आपण दोघं एकच ना?"

"मंग तुमनी काढी ल्या. मनी टाका."

झाली का पंचाईत! मास्तरांनी सुपात हात घातला खरा, पण तो वर येईना. आपलं नाव घरातून पुसलं जातंय, असं वाटलं. ही बाई लग्न झाल्यापासून या घरात अशीच बिनमुठीची राहिली, हे त्यांना तेव्हा कुठे कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आपली मूठ काढली.

आईने त्यांचं मनगट धरून ती परत सुपात सोडायला लावली. मग तिने सुनेची मूठ टाकली. जराशी थांबली, आणि कुणाकडे न बघता स्वतःचीही टाकली.

"हाई बठ्ठं दळी कोन?" सुपातले सगळे गहू दाखवत तिने विचारलं.

घरातल्या साऱ्याजणी मास्तरांकडे बघायला लागल्या. मास्तर उठले ते आधी रस्त्याकडचं दार लावायला. कडीला हात लागला आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. दार सताड उघडं टाकून ते जात्यापाशी बसले, खुंटा घट्ट धरला आणि पहिल्याच फेऱ्यात जातं उलटं फिरवलं.