आमदारांनी वाचलेलं पत्र

ग्रंथपालबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गेलं जवळजवळ वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या आमदारांच्या कार्यालयात हजर असायच्या. पाऊस असो, सुट्ट्या असोत, निवडणूक जवळ असो की लांब. हातात एकच पाकीट आणि त्यात एका वाचकाचं एक पत्र. वाचनालयाने आपल्याला काय दिलं, एवढंच त्यात लिहिलेलं. कधी परीक्षेचा अभ्यास तिथे केलेल्या रंगाऱ्याचं, कधी दवाखान्यातल्या परिचारिकेचं.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे बाईंचे सख्खे दीर. त्यांचा खाक्या वेगळा. अंदाजपत्रकाच्या आधी आठ दिवस त्यांना वाचनालयाचा पुळका यायचा. मग पाच-सहा जणांना गोळा करून ते निवेदन द्यायचे, आमदारांच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढायचे आणि उरलेलं वर्ष त्या फोटोवर ढकलायचे. वहिनी दर महिन्याला जाते याचा त्यांना कमीपणा वाटे. सारखं गेलं की किंमत राहत नाही, असं ते तिला ऐकवत. बाई म्हणत, वर्षातून एकदा भेटणारा माणूस आमदाराला फक्त फोटोत ओळखू येतो.

आमदारांच्या कार्यालयात पुस्तकांचं एक काचेचं कपाट होतं. पाहुण्यांना दिसावं म्हणून ठेवलेलं, कुलूप लावलेलं. सवयीने बाईंनी पहिल्याच दिवशी ते नजरेखालून घातलं. एका ग्रंथाचा तिसरा खंड दोनदा होता आणि दुसरा एकदाही नव्हता. पुस्तकांवरचं प्लास्टिक तसंच. त्या दिवसापासून आमदारसाहेबांविषयी त्यांचा गैरसमज म्हणून राहिला नाही.

पाकीट घ्यायचा तो साहेबांचा सहायक. त्याला सगळे 'कान' म्हणत. साहेबांपर्यंत जे जायचं ते त्याच्यातून जायचं आणि बरंचसं आतच राहायचं. बाईंच्या पाकिटांची त्याने एक फाईल केली होती. अकरा महिन्यांत साहेबांनी ती उघडली नव्हती, हे तो लपवतही नसे.

मग सरकारने विधेयक आणलं. लहान वाचनालयं आठवड्यातून दोनच दिवस उघडी ठेवायची, असं त्यातलं एक कलम होतं. पक्षाने आमदारांना त्यावर तीन मिनिटं बोलायला सांगितलं. साहेबांना विषयाचा गंध नव्हता आणि कानाला भाषण लिहायला वेळ नव्हता. त्याने फाईलमधलं वरचं, नुकतंच आलेलं पत्र काढलं, साहेबांच्या हातात ठेवलं आणि हे वाचून दाखवा म्हणाला.

बाई त्या दिवशी प्रेक्षकांच्या सज्जात बसल्या होत्या. साहेब उठले, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात वाचू लागले.

"मी बहात्तर वर्षांची विधवा आहे."

सभागृह फिस्सकन हसलं. समोरच्या बाकावरचा विरोधी आमदार तर टेबल बडवत होता. साहेबांना घाम फुटला, पण पत्र कुठे संपतं आणि भाषण कुठे सुरू होतं हेच कळेना, म्हणून ते वाचतच राहिले.

"यजमान गेल्यावर मी चार महिने कोणाशी बोलले नाही. वाचनालयात बोलावं लागत नाही, आणि एकटंही वाटत नाही. म्हणून रोज जाते. तुम्ही दार बंद केलंत, तर मी कुठे बसू ते सांगा."

हसू हळूहळू विरलं. साहेब खाली बसले तेव्हा कोणी खोकतसुद्धा नव्हतं. बाईंना गहिवरून आलं आणि त्याच क्षणी संतापही आला. म्हातारीचे इतके नेमके शब्द, आणि ते बाहेर पडायला तोंड मिळालं ते हे!

चार दिवसांनी ते कलम मागे घेतलं गेलं. आमदारांनी एका स्त्रीचं दुःख आपलं मानलं, असं वर्तमानपत्रांनी छापलं. साहेबांनी ते वाचलं आणि त्यांना पटलं.

दिरांनी लगेच वाचनालयात सत्कार ठेवला. आपण स्त्रीच्या भूमिकेतून बोलायचं मुद्दामच ठरवलं होतं, असं साहेबांनी तिथे सांगितलं. पत्र लिहिणारी आजी तिसऱ्या रांगेत बसली होती. आपलं नाव कुठे येऊ नये, एवढीच तिची अट होती आणि बाईंनी ती पाळली होती. आजी बाईंच्या कानाशी वाकली.

"आवाज बरा आहे त्याचा. अर्थ कळला असता तर आणखी बरं वाचलं असतं."

निघताना साहेब बाईंपाशी थांबले. "काय बाई, आता तरी खूश ना?"

"ते पत्र तुम्ही पहिल्यांदा कधी वाचलंत?"

"सभागृहात वाचलं की. सगळ्यांनी ऐकलं."

"त्याच्या आधी?"

साहेबांनी कानाकडे पाहिलं. कान आपल्या बुटांकडे पाहत होता. आणखी दहा पत्रं पडून आहेत, एखादं सवडीने बसून वाचा, असं बाईंनी सांगितलं आणि त्या आजीला जिना उतरायला हात द्यायला गेल्या. वहिनीने साधे आभारसुद्धा मानले नाहीत म्हणून दीर घरी येऊन धुमसत राहिले. बाईंनी त्यांना जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई त्या टेबल बडवणाऱ्या विरोधी आमदाराच्या कार्यालयात गेल्या. दारावरच्या माणसाने काम विचारलं. वाचनालयाचं आहे म्हटल्यावर तो म्हणाला, की ते तर झालं, पेपरात आलंय.

"या वर्षापुरतं झालं," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडची रिकामी खुर्ची पुढे ओढून बसल्या.