कसाला लावलेली पाटली

धाकटीचं लग्न मोडलं असतं, तर ते बाबांच्या उजव्या हातामुळे मोडलं असतं. त्या हाताला एकच खोड होती. सोनं दिसलं की ते कसोटीच्या दगडावर घासून पाहायचं, मग ते गिऱ्हाइकाचं असो नाहीतर व्याह्यांचं.

मुलगा चांगला होता, धाकटीच्या मनात भरला होता. तो सोनार नव्हता, पण त्याचं आम्हाला काही नव्हतं आणि त्यालाही. घोडं अडलं होतं ते त्याच्या काकांपाशी. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे घरात काकांचाच शब्द चाले. एके दिवशी ते पुतण्याला आणि आपल्या आईला, म्हणजे मुलाच्या आजीला, घेऊन थेट आमच्या दुकानातच आले. दुकान म्हणजे काय, घराची पुढची खोली: एक शेगडी, चार चिमटे, फुंकणी आणि खाली सतरंजी. काकांनी बसण्याआधी ती सतरंजी चांगली फडाफडा झटकली. माझं तर डोकंच फिरलं. सोनाराच्या घरात सतरंजी कोणी झटकत नाही. तिच्यातली धूळ आम्ही जपून धुतो, त्यात सोन्याचे कण निघतात. बाबा मात्र उडणाऱ्या धुळीकडे नुसते बघत राहिले.

मग काकांनी विचारलं, तुम्ही लोक मूळचे कोण? कोणी तुम्हाला वरचे म्हणतं, कोणी खालचे. बाबांना हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. त्यांची कळी खुलली. जगातल्या पहिल्या कारागिराला पाच मुलगे होते, ते सांगू लागले. थोरल्यांनी लोखंड, लाकूड, कासं आणि दगड घेतला. सोनं मिळालं शेंडेफळाला, कारण दम धरणं त्या एकट्यालाच जमत होतं. आम्ही त्याचे. आणि आता वर की खाली म्हणाल, तर देवाचा मुकुट आम्ही घडवायचा आणि तो चढवताना उंबऱ्याबाहेर उभं राहायचं.

"पण मुकुट नीट बसला की नाही, ते बाहेरूनही दिसतं," बाबा म्हणाले.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, तरी माझा ऊर भरून आला.

काका हसले. सगळं ठीक आहे, पण सोनार कुणाचं सोनं सोडत नाही असं ऐकून आहोत, म्हणाले. आईची पाटली आणली होती, ती वितळवून सुनेला नव्या घाटाची करून द्यायची आणि मूस तापली की आपण समोर बसणार, असं त्यांनी बजावलं. पुतण्याने मान खाली घातली. आजींनी घाईघाईने पाटली काढून धाकटीच्या हातात चढवली आणि म्हणाल्या, वितळवायला नको, आहे तशीच घालू दे. काकांनी ते कानाआड केलं.

तेवढ्यात तो हात पुढे गेलाच. मी कोपराने ढोसेपर्यंत बाबांनी पाटली पोरीच्या मनगटातून उतरवली, दगडावर दाबून घासली आणि रेघेवर तेजाबाचा थेंब लावलासुद्धा.

"आमच्या आईची पाटली कसाला लावता?" काका लालबुंद झाले. "लावलीच आहे तर सांगा, कसं आहे सोनं?"

खऱ्या सोन्याची रेघ तेजाबाखाली टिकते. ही हिरवी पडली आणि विरून गेली. मी बाबांच्या खांद्यामागे होते, म्हणून मला दिसलं. आजी दगडाकडे बघतच नव्हत्या. पदराचं टोक मुठीत आवळून त्या खाली बघत होत्या, आणि मला कळलं की त्यांना हे आधीपासून माहीत आहे.

त्या दगडासमोर बाबा कधी खोटं बोलले नव्हते. त्यापायी त्यांनी गिऱ्हाइकं तोडली होती, सख्खा भाऊसुद्धा दुरावला होता. बाबा, आज एकदाच बोला खोटं, मी मनात विनवत होते.

बाबांनी मेणाच्या गोळ्याने दगड स्वच्छ पुसला आणि पाटली पुन्हा धाकटीच्या हातात घातली.

"ही मी वितळवणार नाही. पोरीला नव्या पाटल्या मी माझ्या सोन्यातून घडवीन. त्या वेळी खुशाल समोर बसा."

काहीतरी काळंबेरं आहे, म्हणत काका उठले आणि पुतण्यालाही उठ म्हणाले. पुतण्या जागचा हलला नाही. धाकटी मात्र डोळे पुसत पाटली काढू लागली.

"ती राहू दे," आजी म्हणाल्या. मग काकांकडे वळल्या. "पितळ आहे ते. तू लहानपणी तापाने फणफणला होतास, घरात औषधाला दिडकी नव्हती. तेव्हा खरी मोडली आणि ही करून घातली. तुझ्या वडिलांनाही कळू दिलं नाही. ह्यांना आत्ता कळलं. खोटं बोलले नाहीत, आणि मला उघडंही पाडलं नाही. मूळ विचारत होतास ना त्यांचं?"

लग्नाचं पुढचं बोलणं आजींनीच पुरं केलं, मी आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर काका पाटली हातात घेऊन उभेच होते. हिला जरा उजळून द्याल का, असं त्यांनी बाबांना हळूच विचारलं.

"देईन की," बाबा म्हणाले, "पण वेळ लागेल, बसावं लागेल."

"बसतो," काका म्हणाले, आणि सतरंजी न झटकता बसले.