मास्क एकच होता

मी बोलतोय. रंग उडालेला, पोटात हवेचा कणही न उरलेला ऑक्सिजनचा सिलिंडर. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात, कोमाई गावच्या धावपट्टीजवळ, सुरूच्या झाडाला मला टांगलंय.

माझा जन्म ब्रिस्बेनच्या कारखान्यातला. तिथून आलो तो थेट एका छोट्या विमानात, वैमानिकाच्या पाठीमागे. मोठ्या विमानांत म्हणे सगळ्यांसाठी हवा दाबून भरतात. आमच्यात तसलं काही नव्हतं. बाहेर जितकी विरळ, तितकीच आत. दहा हजार फुटांच्या वर गेलं की वैमानिकानं माझा मास्क लावायचा, असा नियम होता.

आमचे वैमानिक टोबियास कांगे याच डोंगरात जन्मलेले. माणूस लाखमोलाचा, पण स्वतःच्या छातीचा भारी गर्व. "मास्क त्या समुद्रकाठच्यांना लागतो. आम्ही रताळी खाऊन कडे चढणारी माणसं!" दोघांना हवा देणाऱ्या माझ्या दोन नळ्यांपैकी एक चिरली होती. "बघू पुढच्या महिन्यात," म्हणत त्यांनी आठ महिने काढले. मी पोत्यांच्या आड धूळ खात पडलो. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

एके दुपारी कोमाईच्या यापोनं आपल्या बायकोला, मीनाला, पाठीवरून विमानापाशी आणलं. आदल्या दिवशी ती बाळंत झाली होती आणि रक्त काही थांबत नव्हतं. तिला शहरातल्या इस्पितळात न्यायचं होतं. जागा कमी, म्हणून बाळाला घेऊन यापो मागे राहिला.

"भाऊ, हिला परत आणा."

"तुझी रताळी भाजून व्हायच्या आत पोचवतो बघ," टोबियास म्हणाले.

सोबत वावीने होती, समुद्रकाठची नर्स. खिंडीपाशी आलो तर ती ढगांनी बुजलेली. परत फिरावं तर मीना हातची जाणार. टोबियासांनी विमान वर घेतलं. बारा हजार फूट. वावीनेनं माझा मास्क मीनाच्या तोंडाला लावला. तिच्या ओठांवर थोडा रंग आला आणि मला जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

"कॅप्टन, तुमचा मास्क?"

"दुसरी नळी फाटलीय. तिलाच राहू दे. मी काय तुझ्यासारखा मासे खाऊन वाढलोय, समुद्रबाई?"

पंधरा हजार फूट. विरळ हवा मोठी कपटी असते. ती गुदमरवत नाही, दुखवत नाही. उलट माणसाला मजेत ठेवते आणि त्याचं शहाणपण काढून घेते. टोबियास गुणगुणू लागले. मग आपल्याशीच हसले. रेडिओचं एकच बटण त्यांनी चारदा फिरवलं. ढगांतून वर आलेला सुळका समोर दिसत असताना विमान त्याच्याकडेच वळवलं.

"कॅप्टन, डोंगर आहे!"

"आहे की. किती छान आहे," ते म्हणाले.

वावीनेनं त्यांची नखं पाहिली. पार जांभळी पडली होती. तिला सगळं कळलं. तिनं एकदा मीनाकडे पाहिलं, "माफ कर गं बाई," म्हणाली आणि मास्क काढून टोबियासांच्या तोंडावर दाबून धरला. मीनाचा हात मास्क शोधत आला, माझ्या नळीला लागला आणि तिथेच राहिला. त्याच्यात ओढायची ताकद नव्हती.

आठ-दहा श्वासांनंतर टोबियास दचकले. "अरे देवा!" विमान उजवीकडे वळलं आणि सुळका बाजूनं निघून गेला. वावीनेनं मास्क पुन्हा मीनाला लावला, तर टोबियासांचे हात पुन्हा सैल पडले. मग तो त्यांच्याच तोंडावर राहिला. आम्ही खाली उतरलो तेव्हा मीना गेली होती.

डॉक्टर म्हणाले, रक्तच फार गेलं होतं, हवेनं वाचली असती असं सांगता येत नाही. लोकांचं त्यानं समाधान झालं असेल. माझं झालं नाही. माझ्या पोटात दोघांना पुरेल इतकी हवा होती, फक्त नळी नव्हती.

टोबियासांनी पुन्हा विमान चालवलं नाही. रिवाजाप्रमाणे त्यांचे भाऊबंद भरपाईची अकरा डुकरं घेऊन कोमाईत आले. गावकऱ्यांनी ती घेतली. यापो म्हणाला, "डुकरं तुम्ही वाटून घ्या. मला ती हवेची बाटली द्या."

तेव्हापासून मी या झाडाला आहे. विमानाची घरघर आली की यापो मला लोखंडी कांबीनं बडवतो, म्हणजे पट्टीवरची पोरं आणि डुकरं बाजूला होतात.

परवा तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्याला न्यायला नवा वैमानिक आला. यापो विमानाच्या दारात आडवा उभा राहिला.

"मास्क किती?"

"दोन."

"लावून दाखव."

वैमानिक हसला. "काका, मी इथलाच आहे, डोंगरातला."

 यापो माझ्यापाशी आला आणि कांबीचा एक घाव घातला. माझा आवाज दरीभर गेला.

"तोही इथलाच होता," पुन्हा दारात येऊन उभा राहत यापो म्हणाला.

वैमानिकाचं हसू गेलं. त्यानं मास्क लावून दाखवला, तेव्हाच यापो दारातून हटला.

आता मी कुणाला श्वास देऊ शकत नाही. तुम्हाला एवढीच विनवणी आहे, ज्याच्या हातात सगळ्यांचा जीव आहे, त्यानं मास्क आधी स्वतःच्या तोंडाला लावावा. आणि फाटलेली नळी आजच बदलावी. मीनाचा हात अजून माझ्या नळीवर आहे, असं मला वाटत राहतं.