समोरची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे, मित्रांनो. साहेबांची नव्हे, साहेबांच्या समोरची. आमच्या सरकारी कचेरीत लोक उभ्या उभ्या गाऱ्हाणं सांगत. मग तक्रार अधिकारी म्हणून एक बाई आल्या. त्यांनी सुताराला बोलावून मला घडवून घेतलं. "माझ्या खुर्चीहून तसूभरही बुटकी नको," असं बजावलं. सुतार गालात हसला, पण माप चोख घेतलं.

माझ्यावर किती जण टेकले! त्यांतली एक शिंपीण मला विसरता येत नाही. मापाची फीत गळ्यात तशीच, डोळे सुजलेले. तिचा नवरा छापखान्यात कामाला. नळाला गढूळ पाणी येतं, असं पत्रक त्याने छापून वाटलं, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं होतं. तीन दिवस झाले तरी कारण कोणी सांगेना.

ती माझ्या काठावर अंग चोरून बसली. "बाई, त्यांनी माफी लिहून दिली तर सोडतील का हो?"

"माफी कशाची? गुन्हा काय, ते तर कळू दे." बाईंनी चौकीवर फोन लावला.

पलीकडून अंमलदार म्हणाला, "मॅडम, वरून सांगितलंय. तुम्ही कशाला यात पडता?"

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "मग कारण लेखी द्या. देता येत नसेल, तर माणूस सोडा. लोकांचे हक्क राखायलाच आपल्याला इथे बसवलंय."

तिकडून फोन ठेवला गेला. बाईंनी त्याला सोडण्याचा आदेश लिहिला आणि शिंपिणीला घेऊन त्या स्वतः चौकीवर गेल्या. संध्याकाळी दोघं नवराबायको कचेरीत आली. तो माझ्यावर बसला आणि ओंजळीत तोंड लपवून हमसून हमसून रडला. त्याचा तो भार अजून अंगावर आहे असं वाटतं.

महिन्याभरात बाईंची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "ही कशाला? लोक एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत." माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. दालनाला काचेची खिडकी बसली. तिच्या भोकाशी वाकून बोलणाऱ्यांचे आवाज मला भिंतीतून ऐकू येतात. बहुतेक अर्ध्यावरच थांबतात. माझा जीव तुटतो. पाऊल वाजलं की वाटतं, मला न्यायला आलं कोणी. पाऊल पुढे निघून जातं.

मित्रांनो, धूळ खात पडल्याचं मला दुःख नाही. पण उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हाती अधिकार येईल. दाराशी एखादा घाबरलेला माणूस दिसला, तर त्याला एवढंच विचारा, "काय झालं?" आणि त्याचं सांगून होईपर्यंत खिडकी लावू नका.