मध उपलब्ध नाही

"यादी वाचायची नाही, उचलायची," असं रीताताईने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

रीताताई माझ्या आधीपासून या अ‍ॅपवर आहे. लोक मोबाइलवरून किराणा मागवतात. आम्ही गोंदियातल्या एका मोठ्या मार्टमध्ये शिरून त्यांच्या वतीने तो गोळा करतो आणि आपापल्या स्कूटीवरून घरपोच नेतो. यादी आली की स्क्रीनवर वेळ पळायला लागते. बी.एस्सी. झालेल्या बाईला यात शिकण्यासारखं काय असणार, असं मला वाटलं होतं. बरंच होतं.

माणूस यादी टाकतो ती आठवेल तशी. मीठ, मग शाम्पू, मग एकदम तूरडाळ. त्याच क्रमाने फिरलं तर दुकानातल्या दुकानात चालत पार देवरी गाव गाठाल. म्हणून अ‍ॅपमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की यादी कपाटांप्रमाणे लागते. आत शिरल्याबरोबर तांदूळ, कणीक, साखर, म्हणजे जड सामान ट्रॉलीच्या तळाशी जातं. मग तेल-तूप. मागच्या भिंतीला साबण. कोपऱ्यात लहान बाळांचं सामान आणि त्याला लागूनच मध नि जॅम. दूध-दही सगळ्यात शेवटी, थंड राहावं म्हणून. एकदा सोडलेल्या गल्लीत परत पाऊल टाकायचं नाही. वस्तू दिसली तर उचलायची, नाही तर 'उपलब्ध नाही' दाबून पुढे चालायचं. आणि फोन तर करायचाच नाही.

"फोन केला का गिऱ्हाईक संसार सांगत बसते," रीताताई म्हणायची. "'हे नाही तं ते द्या, थांबा जरा, सासूले विचारतो.' तेवढ्यात दुसरी ऑर्डर हातची जाते."

हे सगळं मी शिकले. वाचणं मात्र सुटलं नाही. ओआरएसची पाकिटं, केळी आणि मुरमुरे एकत्र आले की मी ओळखायची, कोणाचं तरी पोट बिघडलंय. ज्या घरी दर आठवड्याला अंडी जायची तिथून नुसता साबुदाणा नि शेंगदाणे आले, की त्यांनी श्रावण धरला. नेहमी मोठी पाकिटं मागवणाऱ्याने सगळंच लहान मागवलं, की घरातलं कोणीतरी बाहेरगावी गेलं. मला कोणी विचारलेलं नसायचं. पण माझी लेक परी झाल्यापासून माझी नजरच अशी झाली आहे. ती झोपली की पोट वरखाली होतंय ना, हे बघते. शिंकली की कपाळाला हात लावते. माझा नवरा भूपेंद्र म्हणतो, "तू पोरीला सांभाळत नाहीस, तिच्यावर पहारा देतेस."

पुढच्या आठवड्याच्या पाळ्या अ‍ॅपवर रविवारी उघडतात. ज्यांचा वेग चांगला आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार नाही, त्यांना आधी निवडता येतं. सकाळची पाळी सगळ्यांनाच हवी असते. मला तर तीच हवी होती. भूपेंद्र राईस मिलमध्ये कामाला, उजाडायच्या आत निघतो. परी दीड वर्षाची. सकाळी तिच्याजवळ माझ्या सासूबाई असतात. जेवणं झाली की त्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, निंदायला जातात. यंदा धानात गवत फार माजलंय. मग दुपारपासून परी माझ्याकडे. सकाळची पाळी गेली की माझं कामच गेलं, असं मी धरून चालले होते. त्यात परीला ताप आला तेव्हा मी पाळ्या रद्द केल्या होत्या, त्यामुळे माझा नंबर आधीच घसरलेला. वर एखादी तक्रार आली असती तर संपलं.

अशात गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याची ऑर्डर आली. नाव दुर्गाप्रसाद. पिशवी मी नेहमी फाटकाशीच ठेवून निघायची, त्यामुळे घरातली माणसं पाहिली नव्हती, यादी ओळखीची होती. पाव किलोची पाकिटं आणि गुडघ्याचा मलम, म्हणजे दोघंच वयस्कर. मागच्या खेपेला मात्र त्यात डिंक, खारीक, सुंठ आणि हळीव आले होते. लेक बाळंतपणाला माहेरी आली, हे मी तिथेच ओळखलं आणि उगाचच मला बरं वाटलं होतं.

बटण दाबून मी चालू लागले. साखर, तांदूळ. तूप. अगरबत्तीचा पुडा. कोपऱ्यावर आले तर स्क्रीनवर सगळ्यात लहान मापाचे डायपर, आणि त्याच्या लगेच खाली मध.

हात मधाच्या बाटलीवर गेला आणि थांबला.

परीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा भूपेंद्रची आत्या चांदीच्या अंगठीला मध लावून तयारच होती. डॉक्टरांनी आम्हाला निघताना बजावलेलं, वर्षाच्या आत मध नाही, एक थेंबही नाही. मी परीच्या तोंडावर माझा पंजा धरला. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या काळचे लेकरं काय मेले का?" त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आता माझ्या डोळ्यांपुढे तीच अंगठी आणि कुडव्यातलं एक न पाहिलेलं बाळ. फोन करावा का? करून म्हणायचं काय? 'मध कशाला हवा तुम्हाला?' लोकांच्या घरात नाक खुपसणारी मी कोण? चिडतील. तक्रार करतील. वरच्या कोपऱ्यात वेळ पळतच होती.

मी 'उपलब्ध नाही' दाबलं.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, आपल्या वाचण्याचा एकदाचा कोणाला उपयोग झाला. थंड कपाटातून दूध-दही घेतलं आणि निघाले.

कुडव्याच्या त्या घराच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. हाक मारायच्या आतच एक बाई बाहेर आल्या. नंतर कळलं, त्या सुशिलाबाई, दुर्गाप्रसाद काकांच्या पत्नी.

"आली का बाई? आण लवकर. महाराज केव्हाचे बसून राहिले." त्यांनी उंबऱ्यातच पिशवी उघडली. दूध काढलं, दही काढलं, तळापर्यंत हात घातला. "मध?"

"नाही मिळाला, मावशी."

"एवढ्या मोठ्या दुकानात मध नाही? मंग त्याले दुकान कायले म्हणावं?"

आतून पुरुषी आवाज आला. "अव, मेसेज आला ना मले, नाही म्हणून. मी तक्रार टाकली त्याइची. पूजेच्या दिवशी असं करते का कोणी!"

पूजा. मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. चौरंगाला केळीचे खांब बांधले होते. सत्यनारायणाची तयारी, बाजूला फुलं लावलेला पाळणा. चौरंगापुढे वाट्या मांडून ठेवल्या होत्या, पंचामृताच्या.

मी स्कूटीशी येऊन मोबाइलवर ऑर्डर उघडली, काकांनी टाकली होती त्या क्रमाने. दूध, दही, तूप, मध, साखर. एकाखाली एक, आपण तोंडाने म्हणतो तसंच. आणि डायपर त्यांच्यापासून किती तरी खाली, साबणाच्याही नंतर. माझ्या बटणाने साखर तांदळापाशी नेली, तूप तेलापाशी, दूध-दही थंड कपाटात, आणि मध एकटा उचलून डायपरांजवळ ठेवला. लहानपणापासून प्रत्येक पूजेत तोंडपाठ ऐकलेली ती पाच नावं. त्यांची फाटाफूट करून मी त्यांतलंच एक वाचत उभी होते.

निघून जाता आलं असतं. तक्रार तशीही गेलीच होती. पण मी परत उंबऱ्याशी गेले.

"मावशी, मध दुकानात होता. मीच आणला नाही."

"म्हणजे?"

"डायपर बघितले मी यादीत. मला वाटलं, बाळाला चाटवाल."

आतून कोणीतरी जोरात हसलं. कानाला स्कार्फ बांधलेली, खांद्यावर बाळ घेतलेली एक मुलगी दारात आली. माझ्याच वयाची असेल.

"घे मम्मी! मी एकटीच नाही वेडी."

"दामिनी, तू आत जा, वारा लागते," सुशिलाबाई म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या. "ह्या पोट्टीनं मले दवाखान्यातूनच दमात घेऊन आणलं. मध तं सोड, पाण्याचा थेंब लावू देत नाही लेकराच्या तोंडाले. एक पहारेकरीण घरात कमी होती, म्हणून किराण्यासंग दुसरी आली!"

चौरंगाजवळ बसलेले महाराजही हसले. मला मात्र हसू येईना.

"पण बाई," सुशिलाबाईंचा आवाज जरा उतरला, "विचारलं काऊन नाही? हातात फोन कायले असते?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मंग आता काय लाडू वाटून राहिली का मी?"

एवढं बोलून त्या परसात गेल्या आणि भिंतीपलीकडे ओरडल्या, "रुख्मा, मधाची शिशी आहे का व?" भिंतीवरून शिशी आली. पंचामृताचं काम झालं. माझं काही अडलं नव्हतं आता, तरी पाय निघेना. दामिनीने विचारलं, "तुमचं केवढं आहे?"

"दीड वर्षाची आहे."

"झोपते रात्री?"

"ती झोपते."

दामिनीला समजलं. ती हसली नाही, बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं फक्त.

दुर्गाप्रसाद काका चष्मा वर करून बाहेर आले. "ते तक्रार वापस घेता येते का हो?" आम्ही दोघांनी त्यांच्या मोबाइलवर खालीवर पाहिलं. तशी सोयच नव्हती. "टाकताना तं एका बोटानं गेली," ते ओशाळून म्हणाले.

मार्टमध्ये परतले तेव्हा उमेंद्र, आमच्या मजल्याचा सुपरवायझर, मधाच्या कपाटासमोरच उभा होता.

"मॅडम, पूरी लाइन लगी है शहद की. 'उपलब्ध नाही' कायको मारा?"

त्याच्या मागे उभ्या रीताताईने 'सांगू नको' अशी मान हलवली, अगदी थोडीशी.

"दिसला नाही," मी म्हटलं.

"आपको? आपको नहीं दिखा?" त्याला खरोखरच नवल वाटलं.

नंतर रीताताई म्हणाली, "बरं केलं. मुद्दाम मारलं म्हटली असती तं आयडीच बंद. आता सकाळ जाईन, पण काम राहीन."

रविवारी पाळ्या उघडल्या. सकाळच्या सगळ्या माझ्यासाठी राखाडी. दुपारच्या तेवढ्या हिरव्या होत्या, दाबायच्या बाकी.

त्या दाबायच्या नाहीत हे माझं ठरलेलंच होतं, कारण दुपारी सासूबाई बांधीवर. त्यांना विचारायचं माझ्या मनातही नव्हतं. त्या रोज दुपारी निघताना भांडी आदळतात, विळा भिंतीवरून ओढून काढतात. सून घराबाहेर पडते हे त्यांना मनातून पटलेलं नाही, असं मी निंदणी लागल्यापासून त्या आवाजावरून वाचत आले होते. त्यात आणखी मागायचं?

सासूबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या, परी मांडीशी देठं पसरून बसली होती. मी मोबाइल घेऊन समोर बसले. स्क्रीन विझली, मी परत लावली, परत विझली.

"काय झालं? तोंड काऊन असं करून राहिली?" त्यांनी न बघताच विचारलं.

"आई, माझी सकाळची पाळी गेली."

"मंग?"

"दुपारची मिळते. पण दुपारी तुम्ही बांधीवर असता."

"मंग मी सकाळी जातो."

इतकंच. देठ मोडावं तसं त्या बोलून गेल्या. मला वाटलं, त्यांना नीट कळलं नाही.

"सकाळी जमेल तुम्हाला?"

आता त्यांनी वर पाहिलं. "जमेल? अव, साऱ्या बाया सकाळीच जातेत, थंड्या वेळी. मीच एकटी भर उन्हात मरतो. निंदू निंदू डोस्कं फिरते माह्यं. जायच्या नावानंच जीव तडतड करते."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?"

"तू कधी विचारलं?" त्यांनी परीच्या तोंडातून देठ काढून घेतलं. "सकाळीच पायजे, सकाळीच पायजे, तुझं एकच. मले वाटलं, काही म्हटलं तं पोरगी काम सोडून देईन. शिकेल आहे, घरात बसून काय भांडे घासन? म्हणून जात होतो, बाप्पा, उन्हात."

मी बटण दाबलं. दुपारची पाळी हिरव्याची निळी झाली, म्हणजे माझी.

दुसऱ्या दिवशी त्या उजाडताच विळा घेऊन निघाल्या. परीला कडेवर घेऊन मी दारात उभी होते. रस्त्यावरून निंदायला निघालेल्या बायांपैकी एकीने विचारलं, "काव शामकला, आज सकाळी कशी?" सासूबाई त्यांच्यात मिसळल्या आणि काहीतरी बोलल्या. मला ऐकू आलं नाही. सगळ्या बाया हसल्या, आणि एकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

काय बोलल्या असतील, ते संध्याकाळी त्यांनाच विचारायचं मी ठरवलं.