श्वासाची जागा

ड्रमवाल्याने चालीची पाठराखण करावी, तिच्यापुढे धावू नये, हे संगीतातलं थोर तत्त्व आहे. हॉटेलच्या लाउंजमध्ये ते पाळायला फारसे कष्ट पडत नाहीत. जोरात वाजवलं की मॅनेजर येऊन उभा राहतो.

या गोष्टीतला ड्रमवाला मात्र मॅनेजर रजेवर असला तरी हळूच वाजवायचा. काठ्यांऐवजी तारांचे ब्रश घ्यायचा. जुन्या जॅझ गाण्यांचे सगळे शब्द त्याला पाठ. वाजवताना तो ती गाणी मनातल्या मनात गायचा. ओळ संपली की झांजेला नुसतं शिवायचा. आणि शेवटच्या ओळीआधी हात उचलून थांबायचा. तिथे बाई श्वास घ्यायच्या.

बाई म्हणजे गाणाऱ्या बाई. इतकी वर्षं पाठीमागे बसून त्याला त्यांचा अंबाडा आणि तो श्वास, एवढंच ठाऊक होतं. लोकांचे संसार याहून कमी भांडवलावर चालतात.

मग बाई गाणं सोडून लेकीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी एक मुलगी आली. तिचा दम दांडगा. शेवटची ओळ ती आधीच्या ओळीला चिकटवूनच गायची. ड्रमवाल्याचा हात मात्र सवयीने वर जायचाच. गाणं पुढे, ताल हवेत.

"काका, तिथे खड्डा पडतो हो," मुलगी म्हणाली.

"खड्डा कसला, विहीर आहे!" पियानोवाला म्हणाला. "बुजव बाबा. नाहीतर मॅनेजर तुझ्या जागी मशीन आणून बसवेल. मशीनला कुणाच्या आठवणी येत नाहीत."

ड्रमवाल्याने घरी उशीवर ब्रश फिरवून सराव केला. उशी एकच होती. त्या ठिकाणी आलं की हात थांबायचाच. शेवटी त्याने मनाचा हिय्या करून फोन लावला.

"बाई, मी ड्रमवाला."

"अगबाई, तुम्ही! तुमचा आवाज कधी ऐकलाच नव्हता."

"शेवटच्या ओळीआधी तुम्ही श्वास घ्यायचात ना... माझ्या हातातून तो जात नाहीये."

"श्वास कसला डोंबलाचा! पुढची ओळच आठवायची नाही मला. तुम्हीही थांबायचात, म्हटलं यांचंही तसंच दिसतंय." पलीकडे नातवंडाने भोकाड पसरलं. "ठेवते हं."

फोन बंद झाल्यावरही त्याने तो बराच वेळ कानाला धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने जागा बुजवली. हात न उचलता सरळ वाजवत गेला. आणि नेमकी तिथेच मुलगी थांबली. लांब श्वास घेतला, अगदी ऐकू येईल असा. त्या शांततेत त्याचा ब्रश एकटाच खरखरला.

शिकली पोर, त्याला वाटलं. पुढच्या गाण्यात त्याने हात पुन्हा उचलला. ती पुन्हा थांबली. दोघं बरोबर एकत्र पुढे निघाले.

मध्यंतरात तो तिच्यापाशी गेला.

"तिथे थांबतेस ते फार छान करतेस हं, बेटा."

मुलीने रुमालात नाक शिंकरलं.

"सर्दी झालीये, काका," ती म्हणाली.